पुठ्ठ्याची पानगळ

१४ सप्टेंबर

धाकटे,

मायना काय घालावा यावर सकाळ गेली. शेवटी हाक मारताना जे म्हणत होते तेच लिहिलं. आपल्या दोन घरांत अबोला आहे हे मला माहीत आहे आणि मी तो मोडत नाही. अबोला बोलण्याचा असतो, लिहिण्याबद्दल कोणी काही ठरवलेलं नाही. ह्यांना मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर हे 'बघ बुवा' म्हणाले असते, आणि त्याचा अर्थ इतका संसार करूनही मला लागलेला नाही.

कामाचं लिहिते. वाचनालयात नव्या ग्रंथपालबाई आल्या आहेत. चष्मा कपाळावर ठेवून टेबलावर चष्मा शोधतात, पण माणूस बरं आहे. परवा पुस्तक बदलायला गेले तर म्हणाल्या, शरदातली सजावट करणाऱ्या त्या दोघी जावा म्हणजे तुम्हीच का? जुन्या ग्रंथपालांनी निवृत्त होताना त्यांना सांगून ठेवलं होतं म्हणे, की पानगळ सुरू झाली की पुढचं दालन ह्या दोघी सजवतात, तेही घरातल्या टाकाऊ सामानातून, बाजारातून सुतळीचा तोडाही आणत नाहीत. गेल्या वर्षी काही झालं नाही, कारण तेव्हा तुम्ही नुकतेच गेला होतात आणि माझा हात कशालाच लागत नव्हता. यंदा कराल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दोघी ना, असं विचारलं. मी त्यालाही हो म्हटलं.

तर आता असं आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दालन उघडायचं. त्या दिवशी बाई आपल्याला शेजारी शेजारी उभं करून लोकांना ओळख करून देणार आहेत. तू आली नाहीस तर मी चारचौघांत तोंडघशी पडेन. शिवाय दारावरचं मोठं कडं एकटीने होणारं काम नव्हे. बाई त्याला पुष्पचक्र म्हणतात. मी म्हटलं, अहो, अजून कोणी गेलेलं नाही.

भावोजींना काय सांगायचं ते तू ठरव. भांडण नवऱ्यांचं आहे, त्यात आपण का भरडून निघायचं? दोन सख्खे भाऊ, खाली एकाच कारखान्यात खुर्च्या-कपाटं दुरुस्त करत म्हातारे व्हायचे, ते सासऱ्यांच्या मोठ्या रंध्यावरून वेगळे झाले, ही गोष्ट बाहेर सांगायची मला लाज वाटते. एक लाकडाचा ठोकळा आणि एक लोखंडाचं पातं. त्यासाठी भावोजी ते दाराखिडक्यांच्या फॅक्टरीतलं काम धरून रात्रभराच्या अंतरावर जाऊन बसले, आणि तुलाही घेऊन गेले.

आपल्यात मात्र कधी एक शब्द झाला का सांग. एक स्वयंपाकघर, एक ओटा, एक कात्री, आणि तरी चढा आवाज म्हणून कधी निघाला नाही. 'जावा जावा, उभा दावा' म्हणणाऱ्यांना मी आपलं घर दाखवत असे. अजूनही दाखवते, फक्त आता त्यात तू नसतेस.

येताना तिकडे जमलेली झाकणं, बरण्या, काय असेल ते घेऊन ये. उत्तर दे.

थोरली


२५ सप्टेंबर

धाकटे,

उत्तर आलेलं नाही. टपालाला उशीर होतो हे धरून मी कामाला लागले आहे.

कपाटामागचे सगळे पुठ्ठे काढले. बुटांची खोकी, पंख्याचं खोकं, ह्यांच्या खिळ्यांची खोकी. पाण्यात भिजवून वरचा कागद सोलला की आतल्या नागमोडी रेघा दिसतात आणि त्या पानाच्या शिरांसारख्या वाटतात, ही युक्ती तुझी की माझी यावर आपण एकदा हसलो होतो. माझीच असावी. मग निम्मे पुठ्ठे उकळलेल्या चहाच्या पाण्यात, निम्मे कांद्याच्या सालांच्या पाण्यात. चहाचा रंग वाळल्यावर मातकट येतो, सालांचा तांबूस. स्वयंपाकघरभर दोऱ्या बांधून ते वाळत घातले आहेत. हे जेवायला बसले, वर पाहिलं आणि म्हणाले, आज वाढणार आहेस ते खाली आहे की वर?

उडालेले दिवे मी टाकले नव्हते. त्यांना सुतळी गुंडाळून पेराची फळं केली, देठाला ह्यांच्या फुटक्या खुंट्यांचे तुकडे. ह्यांच्या हिरव्या स्वेटरच्या बाह्या कापून त्यात चिंध्या भरल्या आणि दोऱ्याने आवळून भोपळे केले. स्वेटर अजून घालण्यासारखा होता असं ह्यांचं म्हणणं आहे. कोपर बाहेर यायचं त्यातून. रंध्याखाली पडणाऱ्या ढलप्या गुंडाळून फुलं करते आहे, पण चांगली लांब ढलपी मिळत नाही. दर रविवारी दुपारी हे खाली औजारांना धार लावायला जातात, तासभर लावतात, आणि सोमवारी पटाशी पाहावी तर लोणीसुद्धा कापणार नाही. वय झालं आता, दुसरं काय.

अडचण पानांची आहे. कापायचं काम माझं आणि चिकटवायचं तुझं, ही वाटणी कोणी केली आठवत नाही, पण चांगली होती. मी पत्र्याचा एक नमुना करून घेतला आहे, त्यामुळे सगळी पानं तंतोतंत एका मापाची येतात. पण ती सपाट राहतात. तारेच्या कड्यावर लावून पाहिली तर सरकारी शिक्के मारल्यासारखी दिसली. तू हातात घेऊन काहीतरी करायचीस आणि पान जरा अंग चोरल्यासारखं वळायचं. मी इतकी वर्षं शेजारी बसून ते पाहिलं आणि काय करतेस ते पाहिलंच नाही.

लावण्याच्या बाबतीत मात्र तुझ्या हाताला ओळ नाही, हे मी आधीही म्हटलं असेल. शेवटच्या वर्षी तर एक पान वर, एक खाली, एक चक्क उलटं. तू खाली चहा आणायला गेलीस तेवढ्यात मी डावी बाजू उचकटून सरळ लावून घेतली होती. लोकांसमोर तसं जाऊ देणं बरं दिसलं नसतं. तू परत आलीस, पाहिलंस आणि कप खाली ठेवलेस. कोणाच्या लक्षातही आलं नाही म्हणून मी निश्चिंत झाले.

त्याच वर्षी जुने ग्रंथपाल रस्त्याकडची मोठी खिडकी तुला एकटीला द्यायची म्हणत होते, आठवतं? मी तुझ्या वतीने नको म्हटलं. एकटीला ते झेपलं नसतं आणि फजिती तुझी झाली असती. तेव्हा तुला सांगायचं राहून गेलं की काय, म्हणून आता सांगते.

पानं कशी वळवायची तेवढं तरी कळव.

थोरली


८ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर दोन ओळी. 'ताई, मला यायला जमणार नाही. पानं वाफेवर धरा, मऊ पडली की बोटावर वळवा.' मी ते उलटंसुलटं करून पाहिलं, मागे फक्त आपला पत्ता होता.

जमणार नाही म्हणजे भावोजी सोडत नाहीत, हे मला कळलं. तू लिहू शकत नाहीस तेही कळलं. तू काळजी करू नकोस, ह्या रंध्याचा निकाल मीच लावते. परवा जेवणं झाल्यावर मी ह्यांच्यापुढे स्पष्ट बोलले. म्हटलं, तुम्ही थोरले आहात, द्या तो रंधा धाकट्याला पाठवून, मी स्वतः बांधून देते, आणि संपवा हे. दोन दिवसांत धाकटी इथे येईल, माझं काम होईल. हे पाणी प्यायले. मग म्हणाले, राहू दे तो रंधा. मी म्हटलं, राहू दे म्हणजे? तर म्हणाले, आता तसाही कोणाच्या कामाचा नाही.

मी खाली जाऊन पाहिलं. रंधा वरच्या फळीवर आहे, त्याच्यावर धूळ आहे आणि त्याच्या अंगाला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेलेली आहे. नवी चीर नाही, आत तेल-मळ बसलेला आहे. ती सासऱ्यांच्या वेळचीच असावी. म्हणजे ज्यावरून घर फुटलं ती वस्तू चालतसुद्धा नाही. मी वर येऊन विचारलं, मग भांडलात कशाला? ह्यांना एकदम खाली सरस उतू जात असल्याची आठवण झाली. दोघे भाऊ हट्टी आहेत एवढाच ह्याचा अर्थ मी घेतला.

वाफेचं करून पाहिलं. किटलीच्या तोंडावर धरायचं, पण किती वेळ ते तू लिहिलं नाहीस. पहिली पाच-सहा पानं लगदा होऊन किटलीतच पडली. पुढे बोटं भाजली. तुझ्या बोटांना कधी फोड आलेले मी पाहिले नव्हते, किंवा तू दाखवले नसशील. आता निम्मी पानं वळतात, निम्मी वळत नाहीत. जी वळतात ती एकसारखी वळत नाहीत, त्यामुळे ओळ बिघडते. मी त्यांना पुन्हा सरळ करायला जाते आणि मग ती मोडतात.

ग्रंथपालबाई काल घरी येऊन गेल्या. दोऱ्या, पुठ्ठे, पेर पाहून खूष झाल्या. आणि त्या कुठे आहेत, म्हणाल्या. मी म्हटलं, माहेरी गेली आहे, येईल. माझ्या तोंडून ते इतक्या सहज आलं की मला स्वतःलाच खरं वाटलं. तुला माहेर नाही हे बाईंना कुठून माहीत असणार.

मी भावोजींना वेगळं पत्र लिहू का? थोरली वहिनी म्हणून दोन शब्द मी सांगू शकते. तुझा निरोप आला की लिहीन.

थोरली


२० ऑक्टोबर

आज सकाळपर्यंत मला वाटत होतं की तू येशील. भावोजींना लिहायचं पत्र मी मनात तयार केलं होतं.

दुपारी ढलप्या हव्या होत्या. रविवार असल्यामुळे हे खाली धार लावायला गेलेले. मी टोपली घेऊन मागच्या जिन्याने उतरले. कारखान्यात काहीच आवाज नव्हता, दगडावर पातं घासल्याचाही नाही. हे माझ्याकडे पाठ करून बाकावर बसले होते, कानाला फोन, आणि हसत होते. म्हणत होते, "हो रे बाळ्या, वळली पानं. निम्मी फुकट गेली, पण वळली. तिला सांग."

बाळ्या म्हणजे कोण हे तुला सांगायला नको.

ह्यांनी मला पाहिलं आणि फोन खिळ्यांच्या खणात टाकून खण लावून घेतला. आतून भावोजींचा आवाज येत राहिला, दादा, दादा म्हणून. मी टोपली खाली ठेवली. किती दिवस चाललंय, विचारलं. पहिल्यापासून, म्हणाले. दर रविवारी. मग भांडण? ह्यांनी झाडू घेतला आणि स्वच्छ असलेली जागा झाडायला लागले. भांडण नव्हतंच, म्हणाले.

ते पुढे जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते. तुला ते माहीत असेल, पण माझ्यापर्यंत ते कसं आलं ते तुला माहीत असावं.

"तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, दादा, हिला काही करावंसंच वाटेनासं झालंय. हातात कात्री घेत नाही, कागद घेत नाही. मी म्हटलं, वहिनीशी बोलायला सांग. तर ती म्हणाली, ताईंना काय सांगू, त्या वाईट थोड्याच आहेत."

"मग?"

"मग काय. तुम्ही दोघी भांडला असतात तर जन्माचं तुटलं असतं. आम्ही भाऊ. आमचं भांडण कोणालाही खरं वाटतं आणि ते कधीही मिटवता येतं. रंधा समोर होता, म्हणून रंध्यावरून भांडलो."

मी विचारलं, पण मी तिचं केलं काय? ह्यांनी झाडू भिंतीला टेकवला. असा चेहरा मी ह्यांचा आजारपणात पाहिला आहे.

"तू सगळंच केलंस," म्हणाले. "तिला काही उरलंच नाही."

हे सांगून ते वर गेले आणि त्यांनी स्वतःच चहा केला. मला कप आणून दिला. मी तो खालीच प्यायले.

मला राग आला आहे. आधी ह्यांचा आला, कारण इतके दिवस माझ्यासमोर भावाचं नाव निघालं की तोंड वाकडं करून दाखवलं. नाटकात असते तर बक्षीस मिळालं असतं. मग भावोजींचा आला, निघताना माझ्या पाया पडायला आले आणि मान वर करेनात, मला वाटलं रडताहेत. तुझा सगळ्यात शेवटी आला आणि तो अजून आहे. दोन पुरुषांना खोटं भांडायला लावण्यापेक्षा एकदा 'ताई, हात काढा' म्हणायला काय झालं होतं? मी ऐकलं असतं असं मी म्हणत नाही. बहुधा ऐकलं नसतं, आणि तुझं कसं चुकतंय ते समजावून सांगितलं असतं. पण तू म्हणायला हवं होतंस. मी काय तुला इतकी भयंकर वाटत होते?

सरळ लावलेली पानं सरळच लावायला हवी होती असं मला आजही वाटतं. हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुझं कार्ड मी परत काढून वाचलं. जमणार नाही म्हणजे तुला यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. ते मला कळायला इतका वेळ लागला, कारण तसा अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण मग वाफेचं कशाला लिहिलंस? आणि पानं वळली का, हे दर रविवारी कोण विचारत होतं?

मला वाईट वाटलं आहे. फार. ह्यांच्यासमोर मी तसं म्हटलं नाही, तुला सांगते.


२७ ऑक्टोबर

धाकटे,

काल दालन उघडलं. तू काळजीत असशील असं नाही, तरी झालं कसं ते कळवते.

सोमवारीच मी ग्रंथपालबाईंकडे गेले आणि सांगितलं की धाकटी येणार नाही. ती माहेरी नाही, तिला मी न विचारताच तुम्हाला हो म्हटलं होतं, आणि आता करेन ते माझं एकटीचं असेल. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. रद्द करायचं का, म्हणाल्या. मी म्हटलं, नको, पुठ्ठे भिजवून झालेत.

कडं मी आणि ह्यांनी मिळून टांगलं. कपड्यांच्या जुन्या हॅंगरच्या तारा वळवून केलेलं, वर गोणपाट गुंडाळलेलं. पेर आणि भोपळे एका बाजूला जास्त झाले, त्यामुळे ते उजवीकडे झुकायला लागलं. ह्यांनी शिडीवरून म्हटलं, नाकापेक्षा मोती जड झालाय. मी म्हटलं, शिडीवर उभं राहून म्हणी सांगू नका. ढलप्यांची फुलं मात्र चांगली आली, कारण ह्यांनी सोमवारी पटाशीला आणि छोट्या रंध्याला खरी धार लावली आणि माझ्यासाठी म्हणून एक फळी सोलून दिली. आता रविवारी दुपारचं निमित्त उरलेलं नाही ना.

लोक आले. छान, छान म्हणाले. एक गृहस्थ बराच वेळ कड्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, पूर्वीचं वाऱ्यानं हललंय असं वाटायचं, हे बसून राहिलंय. बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. मी म्हटलं, त्यांना बोलू द्या, बरोबर आहे त्यांचं.

रस्त्याकडची खिडकी मी रिकामी ठेवली. बाईंनी विचारलं, इथे काही नाही का? मी म्हटलं, ही माझी नव्हे. तुझा पत्ता त्यांना लिहून दिला आहे. पुढच्या वर्षी कोणाला द्यायची असेल तर त्या पत्त्यावर विचारा, मला विचारू नका, मी त्यात नाही, असं सांगितलं. ती नको म्हणाली तर नको. पत्ता दिला म्हणून चिडू नकोस. काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ, आणि ते मला कळवायचीही गरज नाही.

अबोला संपला असं मी काल रात्री जेवताना जाहीर केलं. ज्यांच्यात तो नव्हताच त्यांना काही फरक पडला नाही. हे दुसऱ्यांदा भाजी घेऊन जेवले. भावोजींना सांग, यायचं तेव्हा पुढच्या दाराने यावं आणि खोटं तोंड करून येऊ नये. तू यावंस असं मी म्हणत नाही. म्हणजे, मला वाटतं, पण मी म्हणत नाही.

थोरली


४ नोव्हेंबर

धाकटे,

काल फोनवर जे झालं त्यातलं इकडचं तुला दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

मी ह्यांना सांगितलं होतं की आता खाली जाऊन बोलायचं नाही, वर बसून बोला. त्याप्रमाणे हे स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. कारखान्यातल्या यंत्रांनी ह्यांचे कान गेलेत, त्यामुळे फोन मोठ्याने लावलेला. मी मोरीपाशी खळीची पातेली घासत होते. पीठ वाळून दगड झालं होतं. भावोजी सागाच्या भावाबद्दल बोलत होते, हे हं हं करत होते. मी तिकडे लक्ष देत नाही असं दाखवत होते आणि एकच पातेलं घासत होते.

मग मागून तुझा आवाज आला. तू भावोजींना म्हणालीस, विचारा, कडं कसं झालं. बऱ्याच काळाने ऐकला मी तुझा आवाज. थोडा बसल्यासारखा वाटला. सर्दी झाली असेल.

हे म्हणाले, छान झालं की, लोकांना फार आवडलं. मी पातेलं ठेवलं आणि ओल्या हातानेच टेबलाशी आले. म्हटलं, "खोटं सांगू नका तिला." मग फोनकडे बघून म्हटलं, "निम्मी पानं सपाट राहिली. उजवीकडे झुकलंय. फुलं बरी आलीत."

ह्यांना वाटलं फोन बंद पडला, ते तो उचलायला गेले. मी त्यांचा हात धरला. टेबलावर माझ्या हातातलं पाणी ठिबकत होतं, ते मी बघत राहिले.

मग तू म्हणालीस, "ताई, मी इथे आल्यापासून काहीच केलेलं नाही. मला वाटलं होतं, तिथून निघाले की हात आपोआप चालतील. नाही चालले."

तेव्हा माझ्या ओठांवर काय काय आलं होतं ते तुला सांगते. आधी पुठ्ठा घे, मोठं काही धरू नकोस, पानापासून सुरुवात कर, सकाळच्या उजेडात बस, मी नमुना पाठवते. सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'बरं' म्हटलं. तुला ते 'बरं' कोरडं वाटलं असेल. ते कोरडं नव्हतं, मला त्याच्याखेरीज दुसरं काही बोलायची भीती वाटत होती.

मग तू म्हणालीस, "आज एक डबा टाकायला काढला होता. टाकला नाही. ठेवलाय."

पलीकडे तुझ्या इथे कोणीतरी खुर्ची सरकवली, भावोजी सागाबद्दल पुन्हा बोलायला लागले, आणि मी मोरीकडे परत गेले.

कसला डबा, किती मोठा, झाकणाचा की बिनझाकणाचा, हे मी तेव्हा विचारलं नाही. आत्ताही विचारत नाही.

थोरली